ओठ हलवल्याबद्दल

सोमवार, ता. ८

मास्तर,

आपले अण्णा गेले त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणत होते आणि तू चारचौघांत मला अडाणी म्हणालास. तेव्हापासून मी तुझ्याशी बोलणं टाकलं आहे. ते टाकलेलंच आहे. हे पत्र म्हणजे बोलणं नव्हे. बोलताना तू माझं वाक्य मध्येच तोडतोस, पत्रात ते पुरं होतं, म्हणून लिहिते. कागद पाठकोरा आहे. मागे ह्यांच्या पाणीपुरवठा खात्याचं जुनं परिपत्रक आहे, ते वाचत बसू नकोस.

तुझी मुलगी माझ्याकडे खुशाल आहे. साथ आली, कॉलेजनं एका सकाळीत हॉस्टेल रिकामं केलं, तुमच्या बाजूचे रस्ते बंद झाले आणि पोरगी पाठीला पिशवी लावून चालत माझ्या दारात आली, हे तुला ठाऊकच आहे. तू तिला रोज फोन करतोस, आत्या खिडक्या उघड्या ठेवते का म्हणून विचारतोस, हेही मला ऐकू येतं. ठेवते. तुझं शास्त्र मला माहीत नव्हतं तेव्हापासून ठेवते.

पण तिनं तुला सांगितलेलं नाही ते असं. कॉलेजची परीक्षा घरून झाली. मोबाईल समोर उभा करायचा, चित्र चालू, आवाज बंद, आणि तिकडे कॉलेजात बसून कुणीतरी बघणार. पेपर पर्यायांचा होता, अ, ब, क, ड. पेपर उघडल्या उघडल्या हिचे ओठ हलले आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरला. त्याच क्षणाला तिच्या हॉस्टेलच्या मजल्यावरच्या आणखी पाच मुलींचे ओठ हलले, अंगठे फिरले. पाच वेगवेगळ्या गावांत. कॉलेजचं म्हणणं, ही ठरवून केलेली नक्कल आहे. पहिलं बोट म्हणजे अ, दुसरं म्हणजे ब. मी म्हटलं, बाई गं, मग मार्क तरी बरे पडायला हवे होते. सहाजणींची सहा तऱ्हेची उत्तरं आहेत आणि निम्मी चुकलेली. त्यावर कॉलेज म्हणतं, प्रयत्न केला, जमला नाही, पण प्रयत्न हाही गुन्हाच. सहाजणींचं वर्ष रद्द होऊ शकतं.

पोरीनं लिहून दिलं की मन ठिकाणावर राहावं म्हणून मी जप करते, आत्यानं शिकवला. कॉलेजनं पालकांना पत्र पाठवून विचारलं, मुलीला पूजापाठ, जप अशी काही सवय आहे का. कशासाठी विचारतो ते सांगितलं नाही. आणि तू, मास्तर, जप हा शब्द बघितलास आणि तुझं डोकं फिरलं. मला तुझं उत्तर पोरीनं दाखवलं. "माझ्या मुलीवर शास्त्रीय विचारांचे संस्कार आहेत. ती जपजाप्य करीत नाही आणि करणार नाही." खाली सही, तारीख, शाळेतलं पद. पद कशाला लिहिलंस ते तुझं तुला माहीत.

आता कॉलेज म्हणतं, बापच सांगतो की मुलगी खोटं बोलते.

तू तिला वाचवायला गेलास हे मला कळतं. माझ्यावर राग काढलास हेही कळतं. दोन्ही एका ओळीत करायला गेलास. ते पत्र मागे घे. पोस्ट आठवड्यातून दोनदा जाते, तेव्हा उगाच विचार करत बसू नकोस.

तुझी मोठी बहीण


मंगळवार, ता. १६

मास्तर,

तुझं उत्तर पोचलं. कोरा, चांगला कागद आणि त्यावर अडीच ओळी. बाकीचा कागद मी कापून ठेवला आहे, वाण्याच्या यादीला होईल.

तू म्हणतोस, मी आयुष्यभर ज्या गोष्टीच्या विरोधात बोललो ती माझी मुलगी करते असं खोटं लिहिणार नाही. खोटं लिही असं तुला कुणी सांगितलं? मी एवढंच म्हणते, तुला जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं लिहू नकोस. तू वर्गात पोरांना हेच शिकवतोस ना? बघितल्याशिवाय बोलू नका. मग तू काय बघितलंस?

मी बघितलं ते सांगते. पोरगी आली तेव्हा पहिला आठवडाभर एकच कप धूत असायची. धुवायची, पुसायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. पाण्याची नासाडी म्हणून मी ओरडले, तर कप खाली ठेवला आणि नळाकडे बघत उभी राहिली. मला ते जास्त वाईट वाटलं, मी म्हटलं धू बाई. दिवसा झोपायची. फोन वाजला की दचकायची आणि नाही वाजला तर दर घडीला उचलून बघायची. केसांचे पुंजके फणीत. ताटावर बसली की म्हणायची, आत्या, पोटात कुणीतरी मूठ आवळून बसलंय.

आणि ही एकटी नाही. त्या मैत्रिणींचा फोन चालतो तेव्हा सहा तोंडं एकाच पडद्यावर दिसतात, मी भाजी निवडता निवडता ऐकते. लंबी म्हणून एक आहे, तिनं स्वतःच कात्री घेऊन केस कापले, एक बाजू कानाच्या वर आणि दुसरी खाली, आणि सांगते की मला हेच हवं होतं. आजीबाई म्हणून आहे, ती दाराच्या कड्या पुसत फिरते, आईचा फोन पुसते, परवा म्हणे मांजर पुसलं. रेडिओ नावाची मुलगी पूर्वी म्हणे झोपेतही बोलायची, ती आता फोनवर नुसती बसते, तोंड उघडत नाही. मिरची सगळ्यांशी भांडते. चष्मा दिवसभर अभ्यास करते आणि संध्याकाळी काय वाचलं ते एक अक्षर आठवत नाही म्हणून रडते. आपल्या मुलीला तिथं मुंगी म्हणतात. तुला माहीत होतं? तुला मुंगीचे पाय किती ते माहीत.

सातवी होती, तिला उशी म्हणत. हॉस्टेलच्या शेवटच्या संध्याकाळी तिला ताप चढला, अँब्युलन्स आली, तोंड झाकलेल्या दोन माणसांनी तिला जिन्यावरून नेलं आणि मुलींना दारं लावून घ्यायला सांगितलं. दुसऱ्या सकाळी हॉस्टेल रिकामं. आठवड्यानं फोनवर कळलं की उशी गेली. कुणी कुणाचा निरोप घेतला नव्हता. त्यानंतर पंधरवड्यात परीक्षेचं वेळापत्रक लागलं. कॉलेजनं सोबत एक पत्रकही पाठवलं होतं, ताण आल्यास दीर्घ श्वास घ्यावा व छंद जोपासावा. छंद.

तेव्हा मी काय करायला हवं होतं, मास्तर? मी डॉक्टर नाही. डॉक्टरला फोन लावला तर तो म्हणाला, बाई, इथे खाटा नाहीत, पोरगी जेवते ना, मग ठीक आहे. माझ्याकडे होतं ते मी दिलं. तिचा हात हातात घेतला, अंगठा पहिल्या पेरावर ठेवला आणि म्हटलं, एक नाव घ्यायचं, पुढच्या पेरावर जायचं, पुन्हा नाव घ्यायचं, हात संपला की परत सुरुवात. तिनं विचारलं, कुणाचं नाव? मी म्हटलं, ज्याच्यावर भरवसा असेल त्याचं. माझ्या मनात अर्थातच माझा देव होता. आठवड्याभरात ती जेवायला लागली. कप जागच्या जागी राहिला.

कॉलेजनं परवा फोन केला. परीक्षाप्रमुख म्हणून कुणी आहेत, आवाज गोड. पोरीला सांगितलं, हे कुणी सुरू केलं त्याचं नाव दे, तुला फक्त तो एक पेपर पुन्हा द्यावा लागेल. पोरगी म्हणाली, सर, मीच सुरू केलं. ते म्हणाले, असं तुझ्याआधी चौघींनी सांगितलं आहे. मला त्या पोरींचा असा अभिमान वाटला की मी गॅस बंद करायचा विसरले.

मीही कॉलेजला लिहून दिलं आहे. पोरगी देवाचं नाव घेते, मी शिकवलं, मी साक्षीला आहे. सही केली आणि खाली लिहिलं, गृहिणी, मॅट्रिक. तू पद लिहितोस, मग मीही लिहिलं.

आता त्यांच्याकडे एक तुझं पत्र आहे आणि एक माझं. बघू कुणाचं खरं धरतात.

तुझी मोठी बहीण


शुक्रवार, ता. २६

मास्तर,

हे वाचून तू हसशील. हस. पण शेवटपर्यंत वाच.

मंगळवारी गच्चीवर मी चादरी वाळत घालत होते, पोरगी चिमटे देत होती. तुझ्या बायकोचा मला चोरून फोन आला होता, मुलगी बरी आहे ना, आणि तुमच्या भावानं तीन दिवस वर्तमानपत्रही वाचलेलं नाही. ते मी पोरीला सांगत होते. सांगता सांगता म्हटलं, होईल सगळं नीट, तू आपलं नाव घेत राहा, तो बघतोय वरून. पोरगी चिमटा दाताखाली धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आत्या, मी देवाचं नाव घेत नाही."

मी विचारलं, मग काय पुटपुटतेस? कपड्यांची दुसरी बादली संपेपर्यंत तिनं सांगितलं.

हॉस्टेलात रोज सकाळी त्यांच्या मजल्यावर हजेरी होत असे. खोल्यांच्या क्रमानं दारात उभं राहायचं, रेक्टरबाई वही घेऊन जिन्यातून नावं पुकारायच्या. उशी कधीच उठायची नाही, म्हणून तर उशी. तिच्या वाटचं हजर कुणीतरी आवाज बदलून म्हणायचं. रेक्टरबाईंनी वहीतून मान वर काढलीच तर म्हणायचं, ती आंघोळीला गेलीय. दोन वर्षं उशी रोज सकाळी आंघोळीलाच होती.

मी पेरं शिकवली आणि तुझ्या मुलीनं त्यावर ही हजेरी बसवली. लंबी, हजर. चष्मा, हजर. आजीबाई, रेडिओ, मिरची, मुंगी. आणि सातव्या पेरावर उशी. तिथं हजर म्हणायचं नाही, अंगठा नुसता दाबून धरायचा. तिनं ते फोनवर बाकीच्यांना शिकवलं. सकाळी उठल्यावर, पोटात मूठ आवळली की, आणि प्रत्येक पेपर उघडताना. पेपरला सहाजणी हजर आहेत की नाहीत हे बघून मग पहिला प्रश्न. एवढंच ते कारस्थान.

कॉलेजला हे का सांगितलं नाहीस म्हणून मी विचारलं. म्हणाली, उशीचं नाव चौकशीच्या फायलीत गेलेलं आम्हाला नको. तिच्या आईला उद्या कॉलेजचं पत्र जाईल, तुमच्या मयत मुलीच्या नावानं नक्कल झाली म्हणून. जप म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही असं वाटलं होतं.

विचारलं ना पुढे. तुला विचारलं.

मला काय वाटलं ते लिहिते, कारण तुझ्यापाशी लपवून मला काही मिळायचं नाही. मला लागलं. देवासमोर उभी राहून मी ज्याबद्दल रोज हात जोडत होते ते माझं नव्हतंच. त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि तशीच बसून राहिले. मग माझ्या लक्षात आलं की पोरीनं मला विचारलं होतं, कुणाचं नाव? आणि मीच म्हटलं होतं, ज्याच्यावर भरवसा असेल त्याचं. तिनं माझं अक्षरन् अक्षर ऐकलं होतं. आणि मरून गेलेल्या मुलीचं नाव रोज न चुकता घ्यायचं याला जप नाही म्हणायचं, तर मग कशाला म्हणायचं? मी म्हणणार जप. माझ्या देवाची त्याला हरकत नाही, मी विचारून घेतलं आहे. तुझी असली तर कळव.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला पत्र घातलं. मुलगी देवाचं नाव घेते असं मी लिहिलं होतं, ते मला माहीत नसताना लिहिलं, मागे घेते. काय म्हणते ते तिचं तिला विचारा.

हे म्हणत होते, अगं, कशाला, तुझ्या पत्रानं तिची बाजू जड होत होती. मी म्हटलं, खोट्यानं जड झालेली नको. ह्यांनी मान हलवली आणि पंपहाऊसवर गेले. साथ असो नसो, पाणी सोडायला माणूस लागतोच.

मी माझं पत्र मागे घेतलं, मास्तर. मी, अडाणी. सोमवारी सकाळी सुनावणी आहे, पडद्यावरच. पालकांनाही बोलावलं आहे. तू ये आणि एक वाक्य बोल, मला माहीत नव्हतं. पोरगी म्हणते बाबांना सगळं सांग, मला त्यांच्याशी नाही बोलता येणार. म्हणून हे सगळं लिहिलं. ह्यांच्या खात्याचा माणूस उद्या तुमच्या बाजूला परवाना घेऊन जातो आहे, त्याच्या हाती देते, म्हणजे पत्र वेळेवर पोचलं नाही असं म्हणायला नको.

तुझी मोठी बहीण


सोमवार, ता. २९, दुपार

मास्तर,

तू आला नाहीस. एका चौकटीत तुझं नाव होतं आणि बाकी काळोख. दहा मिनिटांनी तेही गेलं. तुझं नेट गेलं की तू गेलास ते मी विचारत नाही. काय झालं ते ऐक.

पोरगी जेवणाच्या टेबलाशी बसली होती, मी पडद्याबाहेर, दाराला टेकून. पलीकडे उपप्राचार्य, परीक्षाप्रमुख, रेक्टरबाई. आणि सहाजणी. लंबीचे केस खरंच तसे आहेत.

उपप्राचार्यांनी नोटीस वाचली. मग परीक्षाप्रमुखांनी गोड आवाजात विचारलं की, मुलींनो, तुम्ही काय करत होतात ते आता तरी सांगा, वर्षाचा प्रश्न आहे. कुणी बोलेना. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात ती रेडिओ, जी महिनाभर तोंड उघडत नव्हती, ती म्हणाली, सर, आम्ही हजेरी घेत होतो. आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबली नाही. दारात उभं राहणं, वही, आवाज बदलून हजर म्हणणं, आंघोळ, सगळं. शेवटी म्हणाली, उशीचं नाव कागदावर घ्यायचं असेल तर तिचं वाईट काही लिहू नका, प्रॉक्सी आम्ही द्यायचो, ती झोपलेली असायची.

परीक्षाप्रमुख हुशार माणूस आहे. म्हणाले, त्या दिवशी जसं केलं तसं आता करून दाखवा. आवाज चालू ठेवून.

केलं. पण फोनवर आवाज मागेपुढे होतात. एकीचं मिरची म्हणून होतं तोवर दुसरी अजून चष्म्यावर. सगळा गोंधळ. मध्येच आजीबाईच्या घरी कुणीतरी भांडं पाडलं. मला वाटलं, कॉलेजवाल्यांचा विश्वास बसायचा नाही. पण उशीपाशी आल्या आणि एकेक करत सगळ्या थांबल्या. सहा अंगठे सहा बोटांवर दाबलेले. कुणी हजर म्हणेना.

आणि मग रेक्टरबाई, ज्या तोवर चकार शब्द बोलल्या नव्हत्या, वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "ती आंघोळीला गेलीय."

त्यांना दोन वर्षं माहीत होतं, मास्तर.

मिरची हसली, ती हसता हसता रडायला लागली आणि मग रडायचं कुणीच राहिलं नाही. उपप्राचार्यांनी चष्मा काढला आणि चित्र बंद केलं.

निकाल असा लागला. पाचजणी सुटल्या. तुझी मुलगी अडकली आहे. का, तर बाकीच्यांनी जपाबद्दल लेखी काहीच दिलं नव्हतं, हिनं लेखी दिलं होतं की मी जप करते, आणि बापानं लेखी दिलं आहे की करत नाही. परीक्षाप्रमुख म्हणाले, आम्हाला आता मुलीबद्दल शंका नाही, पण फायलीत दोन कागद एकमेकांच्या विरोधात आहेत, एक खोटा ठरल्याशिवाय फाईल बंद होत नाही. मुलीचा खोटा ठरवला तर खोटी माहिती दिली म्हणून पेपर रद्द. पालकांनी खुलासा केला तर प्रश्न मिटला. शनिवारपर्यंत मुदत. पुढचा पेपर त्यानंतरच्या मंगळवारी.

पाचजणींनी तिथंच सांगितलं की मुंगीचा पेपर रद्द होणार असेल तर आमचाही करा. उपप्राचार्य म्हणाले, असं करता येत नाही. लंबी म्हणाली, मग आम्ही पुढच्या पेपरला बसत नाही, हे तर करता येतं.

पोरगी तुझ्यावर एक शब्द बोलली नाही. मी बोलले, दाराआडून. तिनं मला गप्प केलं. म्हणाली, "आत्या, बाबांनी खोटं नाही लिहिलं. त्यांना खरंच तसं वाटत होतं."

तुझी बाजू घेणारी ती एकटी उरली आहे. तिचाच पेपर तुझ्या हातात आहे.

मी तुझ्यापुढे हात जोडणार नाही. माझे हात दुसरीकडे जोडलेले असतात. शनिवार लक्षात ठेव.

तुझी मोठी बहीण


बुधवार, ता. ८

मास्तर,

शुक्रवारी तुझा कागद कॉलेजला पोचला. कॉलेजनं त्याची प्रत पोरीला पाठवली आणि तिनं मला वाचून दाखवली. "माझी मुलगी मनात काय म्हणते हे मला माहीत नव्हते. मी विचारले नव्हते. माझे आधीचे विधान मी मागे घेतो." या वेळी पद लिहिलेलं नाहीस.

तिनं ते ओट्याशी उभं राहून दोनदा वाचलं. मला विचारलं, बाबांचंच अक्षर आहे ना? मी म्हटलं, त्याचा म असाच वाकडा असतो, पाटीवर होता तसाच. मग ती फोन घेऊन गच्चीवर गेली. काय बोललात ते मला माहीत नाही. मी कुकर लावला होता आणि शिट्टीच्या वर कान लावण्याइतकी मी अजून उतरलेली नाही. खाली आली तेव्हा डोळे लाल होते, पण दोन वेळा वाढून घेतलं.

फाईल बंद झाली. कुणी माफी मागितली नाही. उलट परीक्षाप्रमुखांचा निरोप आला की पुढच्या पेपरांना विद्यार्थ्यांनी ओठ व बोटं हलवू नयेत, पुन्हा गैरसमज नको. सहाजणींनी एकच उत्तर पाठवलं, ओठ हलतील, हवं तर आवाज चालू ठेवा. दोन दिवस काही आलं नाही. मग आलं, ठीक आहे, आवाज चालू ठेवा.

काल पेपर झाला. मी शेजारच्या खोलीत देवापाशी होते. मोबाईल उभा केल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली, आणि मग पोरीचा आवाज, पुटपुटणं नव्हे, खणखणीत, शाळेत पाढे म्हणतात तसा. लंबी, हजर. चष्मा, हजर. तिकडे बसून बघणाऱ्याला ऐकू जावं म्हणून ती सरळ कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणत होती, हे मला ह्यांनी खिडकीतून बघून सांगितलं. सातवं नाव झालं, थोडा वेळ काही नाही, आणि मग पेन उचलल्याचा आवाज. पेपर म्हणे अवघड होता. असू दे. अवघड पेपर सगळ्यांनाच असतो.

आता तुला सांगायचं ते सांगते, कारण ती सांगताना घुटमळेल. पुढच्या आठवड्यात रस्ते उघडतात. तू गाडी करून तिला न्यायला यायच्या तयारीत आहेस असं तुझी बायको म्हणाली. येऊ नकोस. ती आधी तुझ्याकडे येणार नाही. सहाजणींनी ठरवलं आहे की पहिल्या बसनं उशीच्या आईकडे जायचं. त्या बाईंना मुलीचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, मुलगी हॉस्टेलात कशी होती हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ह्या पोरी तिथं दारात रांगेनं उभ्या राहून हजेरी देणार आहेत, आणि ती रोज आंघोळीला जायची हेही सांगणार आहेत. रेक्टरबाई वही घेऊन येते म्हणाल्या. मी पोरीला परवानगी दिली आहे. तुझी मागितलेली नाही.

बस तुझ्या गावावरून जाते आणि स्टँडवर थांबते. भेटायचं असेल तर तिथं ये. डबा आणलास तर सहाजणींना पुरेल एवढा आण.

तुझी मोठी बहीण